मी हिरवा म्हणालो, यूसुफ

यूसुफ,

साखर तपासायच्या निळ्या पाण्याच्या बाटलीत आता चार बोटे पाणी उरले आहे. तू भरून पाठवलेली ही शेवटची बाटली. सुमनने, तुझ्या वहिनीने, ती परसातल्या कोनाड्यात, स्पिरिटच्या दिव्याशेजारी, नेहमीच्या जागी ठेवली आहे. तुला कबरस्तानात पोचवून आलो त्याला आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मी रोज त्या कोनाड्यापर्यंत जातो, बाटली हातात घेतो आणि झाकण न उघडता परत ठेवतो. कॅलेंडरवरचे बारा चौकोन तिने कोरे सोडले आहेत.

तुझ्याविषयी लिहा, असे पेठेतल्या वाचनालयाच्या मंडळींनी मला सांगितले, तेव्हा त्यांना तुझा जन्म, शिक्षण, रक्त तपासण्याची खोली तू केव्हा उघडलीस, हे सारे हवे होते. ते लिहिण्याचे काम मी दुसऱ्याकडे सोपवले आहे. मला तुझ्याशीच बोलायचे आहे, आणि तेही एका उत्तराबद्दल. इस्पितळात तू मला दोन शब्दांचा प्रश्न विचारलास आणि मी त्याचे खोटे उत्तर दिले. त्याआधीची अडीच वर्षे आपण बोलत नव्हतो, आणि तो अबोला माझ्यामुळे होता. या दोन गोष्टी तुझ्यापुढे नीट मांडल्याखेरीज मला ती बाटली उघडवत नाही.

शाळा सुटली की मी शुक्रवार पेठेत तुझ्या खोलीवर येऊन बसत असे. एक बाक, एक टेबल, नळ्यांची लाकडी घोडी, आणि सगळीकडे स्पिरिटचा वास. मी भाषा शिकवणारा माणूस. शरीराविषयी मला जे काही कळते ते त्या बाकावर बसून कळले. लोक म्हणत, यूसुफमियाँ रक्त बघून माणूस ओळखतात. तू चिडायचास. "मी काय ज्योतिषी हाय का? नळीत दिसतंय ते सांगतो."

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारे एक जोडपे तुझ्याकडे आले होते, आठवते? नवऱ्याचे म्हणणे असे की बायको आळशी झाली आहे, चार पाट्या उचलल्या की बसते. तू आधी तिच्या बोटाला टोचलेस. मग म्हणालास, "आता तू बोट दे." तो म्हणाला, "मला काय झालंय?" तू म्हणालास, "तेच बघायचंय की."

दोन बारीक नळ्या शेजारी शेजारी. आम्लाचे थेंब, त्यात रक्त, रक्ताचा तपकिरी रंग झाला की एकेक थेंब पाणी घालायचे, शेजारच्या काचेच्या रंगाशी तो जुळेपर्यंत. जितके पाणी लागेल तितके रक्त कसदार. बायकोच्या नळीत पाच-सहा थेंबांतच रंग फिका पडून जुळला. नवऱ्याच्या नळीत तू घालतो आहेस, घालतो आहेस.

"बघ. तुझ्या रक्तात पाणी घालून घालून माझा हात दुखला. तिच्यात घालायच्या आत संपलं. आता तू सांग, आळशी कोण?"

त्याने दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या. मग म्हणाला, "मग करावं काय?"

"डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील, त्या द्यायच्या. आन् घरी गेल्यावर तिला आदी वाढायचं, तू मागनं जेवायचं."

त्या दिवशी मी घरी आलो आणि सुमनला म्हणालो, आज तू माझ्याबरोबर बस. तिने विचारले, "आज काय विशेष?" मी तुझे नाव सांगितले. ती म्हणाली, "भाऊजींना म्हणावं, वीस वर्षं उशीर केला."

उभ्या नळीत तासाभर ठेवलेले रक्त किती खाली बसते, ही तपासणी तू करायचास तेव्हा म्हणायचास, ही फक्त गल्लीत कुठेतरी आग लागली आहे एवढे सांगते, घर कुठले ते सांगत नाही. ते घर डॉक्टरांनी शोधायचे. हिवतापाचा रोगी ताप उतरल्यावर आला की तू त्याला परत धाडायचास: "थंडी वाजाय लागली की ये. चोर घरात असताना बोलवायचं असतं." आणि टायफॉइडच्या तपासणीसाठी पहिल्याच दिवशी धावत येणाऱ्यांना सांगायचास की अजून रक्तालाच ठाऊक नाही, तर ते मला काय सांगणार, आठवड्याने या. मला त्यात माझ्या धंद्याचे काहीतरी दिसे. प्रत्येक प्रश्न विचारण्याची एक वेळ असते, आणि वेळ चुकली तर खरे उत्तरही निरुपयोगी होते. हे मला तेव्हा समजले होते. ते माझ्या स्वतःच्या कामी मात्र आले नाही.

आणि मोहोळहून आलेल्या त्या आजी. सकाळी उपाशी या, असे तू त्यांना सांगितले होतेस. पहिल्या एस.टी.ने आल्या, रक्त दिले, आणि साखर निघाली भलतीच. तू चक्रावलास.

"आजी, सकाळपासनं काय खाल्लं?"

"काय न्हाय बा. उपास हाय न्हवं माझा."

"काहीच न्हाय?"

"वाटीभर साबुदान्याची खिचडी. आन् दोन केळी. उपासाचंच घेतलं की."

बाकावरची सगळी माणसे हसली. तू कपाळाला हात लावलास. "आजी, ह्यो देवाचा उपास न्हाय, माझा हाय. ह्याला पाण्याबिगर काय चालत न्हाय."

"मग तुजा रोजा म्हन की."

"रोज्याला पाणी बी चालत न्हाय. तुमाला तेवढी सूट दिलीय."

त्याच संध्याकाळी तू मला पुठ्ठा आणि शाई दिलीस आणि पाटी लिहून घेतलीस. ‘उपाशी म्हणजे फक्त पाणी. साबुदाणा, शेंगदाणे, केळी, चहा चालणार नाही.’ मी ती ठळक, शाळेच्या फळ्यावर लिहितो तशा अक्षरात लिहिली. तू खिळा ठोकून ती दाराशी लावलीस. मला फार हसू आले होते त्या आजींचे. मी त्यांच्याहून मोठी चूक करणार आहे, आणि तीही समजून उमजून, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

माझी साखर पहिल्यांदा मुंग्यांनी सांगितली. न्हाणीघरात मुंग्या होतात असे सुमनने तुला सहज बोलताना सांगितले, आणि तू चहाची कपबशी खाली ठेवलीस. पाणी किती पितो? किती वेळा उठतो? सदरे सैल झालेत का? मग दुसऱ्या दिवशी उपाशी बोलावलेस. आकडा पाहून तू मला बाकावरून उठवून आतल्या खुर्चीवर बसवलेस.

"मास्तर, रक्तात साखर भरपूर हाय, पण ती अंगाला लागत न्हाय. घरात धान्याची पोती आन् चूल थंड, तसलं झालंय. घाबरू नकोस. चूल पेटवायची हाय, एवढंच."

मी शिक्षक झालो त्या दिवसापासून तू मला नावाने हाक मारणे सोडलेस. म्युनिसिपालिटीच्या शाळेत एका पाटीवर दोघांनी लिहिले, आणि तरी मास्तर. मी घाबरलो होतो हे तू ओळखलेस. मी कशाला घाबरलो होतो, ते मात्र तुला कळायला चार वर्षे लागली.

मी नापास होण्याला घाबरलो होतो. तेवीस वर्षे मुलांच्या परीक्षा घेतलेल्या माणसाला तपासणी म्हणजे परीक्षाच वाटली. दर दोन महिन्यांनी तू दिवस द्यायचास. त्या दिवसाच्या आधी तीन दिवस मी अर्धी ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी खात असे, सकाळ-संध्याकाळ तळ्याला फेऱ्या घालत असे. मग तुझ्याकडे येऊन हात पुढे करत असे. आकडा चांगला यायचा. तू खूष व्हायचास, आणि तुझ्या पायऱ्या उतरून मी सरळ हलवायाकडे जात असे. जिलेबी खाताना मला एखादा हुशार विद्यार्थी असल्यासारखे वाटे. रक्त त्या सकाळचेच सांगते, मधल्या दोन महिन्यांचे सांगत नाही, हे मला तूच शिकवले होतेस. तुझ्याच शिकवणीतून मी तुला फसवण्याची रीत काढली.

चपलेने अंगठ्याला झालेली जखम चार महिने भरली नाही, तेव्हा तुला शंका आली. आकड्याच्या चिठ्ठीकडे पाहून तू म्हणालास, "मास्तर, तुझं रक्त लई शहाणं हाय. पाय मात्र नापास होतोय."

मी हसून वेळ मारून नेली. तू हसला नाहीस.

मग तो पाडवा आला. दरवर्षीप्रमाणे तू जेवायला होतास. माझे थोरले बंधू होते, शाळेतले दोघे होते. सुमनने पुरणपोळ्या केल्या होत्या आणि मी चार खाल्ल्या, तुपासकट. दोन तास गप्पा झाल्या. तू मधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतास, ते मला आता कळते. मग तू हात धुऊन आलास, कोपऱ्यातली तुझी पिशवी उघडलीस आणि म्हणालास, "मास्तर, हात दे." सगळे हसले. सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. मी हात दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू चिठ्ठी घेऊन आलास. तीनशे दहा. सुमन समोर होती. तू तिलाच सांगितलेस, "वहिनी, चार वर्षं हा मला फसवतोय. माझं जाऊ द्या. पण हा असाच चालला तर आदी डोळे जातील, मग पाय जाईल. उद्या ह्याला घेऊन डॉक्टरकडं चला, मी येतो."

यूसुफ, यानंतर मी जे बोललो ते मी आजवर कोणापाशी उच्चारलेले नाही. ते इथे लिहितो, कारण ज्याला ते बोललो तो माणूस आता नाही आणि बोललेला अजून आहे. मी म्हणालो, "तुला पंक्तीला बसवलं, त्याचं हे फळ दिलंस."

चाळीस वर्षे तू आमच्या घरी जेवत होतास. माझ्या आईच्या हातचे जेवलास, सुमनच्या हातचे जेवलास. मी सुधारक विचारांचा माणूस म्हणून ओळखला जातो, शाळेत तशी भाषणेही करतो. तुला घरात घेताना माझ्या मनात काही किंतु नाही अशी माझी खात्री होती. त्या एका वाक्याने मला दाखवले की प्रत्येक पाडव्याला, प्रत्येक पानावर, माझ्या आत कुठेतरी कोणी तरी बसून म्हणत होते की आपण याच्यावर उपकार करत आहोत. ती जखमही इतकी वर्षे भरली नव्हती, आणि मला तिचा पत्ताच नव्हता. रागाच्या एका टोचणीने ती बाहेर आली.

तू माझ्याकडे पाहिलेस. "बरं," म्हणालास. पिशवी उचललीस आणि गेलास.

सुमन तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "पंक्तीला बसवलं म्हणजे काय? भाऊजी काय पाहुणे होते?"

मी दुसऱ्या एका ठिकाणी तपासायला जाऊ लागलो. दुसऱ्याच महिन्यात परसातल्या कोनाड्यात निळ्या पाण्याची पहिली बाटली दिसली. सुमन म्हणाली, डॉक्टरांच्या दवाखान्यातून मिळाली. आता घरच्या घरी लघवी तपासायची. बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘चमचाभर निळं पाणी, लघवीचे आठ थेंब. उकळताना नळीचं तोंड भिंतीकडं. जेवणानंतर दोन तासांनी. आधी उपास करायचा नाही.’

ते अक्षर तुझे होते. ज्याच्याबरोबर एका पाटीवर धुळाक्षरे गिरवली त्याचे अक्षर मला कळणार नाही, असे सुमनला वाटले असेल, तुलाही वाटले असेल. मला पहिल्याच दिवशी कळले. आणि मी गप्प राहिलो. महिन्यामागून महिने मी तुझ्या हातचे निळे पाणी उकळले, त्याचा रंग पाहिला, आणि तुझ्या खोलीवरून जाताना मान खाली घालून पुढे गेलो. दाराशी माझ्या अक्षरातली पाटी तशीच होती. तू ती काढली नव्हतीस. माझ्या अक्षराला तू दारात ठेवलेस. तुझ्या अक्षराला मी परसात लपू दिले.

सुमनने कॅलेंडर टांगले आणि माझ्या रंगीत पेन्सिली मागून घेतल्या. पाणी निळेच राहिले तर निळा चौकोन, म्हणजे साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी. आणि शेवटी विटकरी, म्हणजे भरपूर. इथे फसवता येत नव्हते, कारण दिवस ठरलेला नव्हता. रोजचीच परीक्षा असली की तयारी कधी करणार? हळूहळू चौकोन हिरवे होऊ लागले. अंगठा भरला. मी ते श्रेय मनातल्या मनात स्वतःला दिले.

या दिवाळीत मात्र मी घसरलो. करंज्या, अनारसे, आठवडाभर विटकरी. सुट्टीचे शेवटचे दिवस होते, तेव्हा तुझी नसीम दारात उभी राहिली. बी.एस्सी. होऊन ती तुझ्या हाताखाली काम शिकते एवढे मला ऐकून ठाऊक होते.

"काका, अब्बा इस्पितळात आहेत. कावीळ आहे, चांगली नाही. कुणाला सांगू नको म्हणालेत. तरी आले."

सुमन आतून चप्पल घालून आली होती. माझ्याकडे पाहून तिने चप्पल काढली. "आधी तुम्ही एकटे जा," म्हणाली.

वाटेत नसीमने सांगितले की पंधरा दिवसांपूर्वी तू स्वतःचेच रक्त काढून नळी खिडकीत ठेवली होतीस. रक्त खाली बसल्यावर वर जे पाणी राहते ते हळदीसारखे होते. तू ते बराच वेळ पाहिलेस आणि तिला म्हणालास, "ह्या नळीवर नाव घालू नको." नळी ओठांत धरून तीस वर्षे लोकांचे रक्त मापाने ओढलेस; त्यातूनच हे आले असावे, असे डॉक्टर म्हणत होते. मी तुला कितीदा म्हणालो होतो, तोंडाने ओढू नकोस. तुझे उत्तर ठरलेले: "ओठाला जे माप कळतं ते हाताला कळत न्हाय."

टांग्यात मी वाक्ये जुळवत होतो. पंक्तीचे आधी म्हणावे, की बाटलीचे? मी खाटेपाशी आलो. तुझे डोळे पिवळे होते, हातांची चिपाडे झाली होती. तू म्हणालास, "आलास? बस. सुट्टी संपली का?"

"अजून चार दिवस आहेत."

"तुझी पाटी हाय अजून. आज्ज्या वाचत न्हाईत, खिचडी खाऊनच येतात. पण अक्षर चांगलं हाय."

मी काहीतरी बोलणार होतो. तू थोडा वेळ दम घेतलास आणि विचारलेस, "रंग कुठला?"

त्या सकाळचा रंग विटकरी होता, यूसुफ. नळीच्या बुडाशी गाळ बसेल इतका.

मी म्हणालो, "हिरवा."

तू माझ्याकडे पाहिलेस. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहिले होतेस तसेच. आणि म्हणालास, "बरं." मग डोळे मिटलेस. मला वाटले, आजारी माणसाला बरे वाटेल असे बोललो. बाकीचे उद्या बोलू. दुसऱ्या दिवसापासून तुझी शुद्ध गेली. चौथ्या दिवशी तू गेलास. प्रश्नाची वेळ होती, आणि मी ती चुकवली.

परवा नसीम आली. तिने एक जाड पाकीट दिले. आमच्या कॅलेंडरची पाने, एकूण तीस. दर महिनाअखेरीस सुमन भाजी मंडईत रिकामी बाटली आणि ते पान नसीमच्या हाती देत असे, आणि भरलेली बाटली घेत असे. प्रत्येक पानावर तुझ्या पेन्सिलीच्या बारीक नोंदी. एका पानावर ‘अंगठा भरला. शाब्बास.’ एकावर ‘लग्न होतं वाटतं.’ शेवटच्या पानावर, दिवाळीच्या सात विटकरी चौकोनांशेजारी, ‘करंज्या. वहिनींना सांगणे: रागावू नका, पण डबा उंच ठेवा.’

नसीम म्हणते, ते पान तू माझ्या येण्याच्या आधी चार दिवस पाहिले होतेस. तुला रंग ठाऊक होता. मी पुन्हा तीन दिवसांची भाकरी खाऊन आलेला विद्यार्थीच आहे, हे पाहून तू डोळे मिटलेस. की मी एकदा तरी खरे सांगतो का, ते पाहायचे होते तुला? हा वाद आता मी एकट्याने चालवायचा आहे. सुमन म्हणते, भाऊजींना तुमचा आवाज ऐकायचा होता, बाकी काही नाही. असेलही. तिला तू माझ्याहून जास्त कळत होतास.

तुझे शेवटचे पाणी मी बारा दिवस जपून ठेवले. जपून ठेवायला ते तू पाठवले नव्हतेस, हे आज दुपारी ध्यानात आले. आज मी रोजच्यासारखा जेवलो, जास्त नाही आणि कमीही नाही. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा दोन तास होत आले होते. चमचाभर पाणी घेतले, आठ थेंब टाकले, नळीचे तोंड भिंतीकडे धरले. सुमन दारात येऊन उभी राहिली. चौकोन आजवर तीच रंगवत आली होती. आज तिने पेन्सिलींचा डबा माझ्या हातात दिला.

पंक्तीला मी तुला बसवले नव्हते, यूसुफ. आपण शेजारी जेवत होतो. त्या वाक्यासाठी मला क्षमा कर. ती मागायला मी अडीच वर्षे आणि वर पंधरवडा उशीर केला. उद्या मी तुझ्या खोलीवर जाणार आहे. नसीमला आधी सांगितलेले नाही. पोटभर जेवून, तुझ्या दाराशी माझीच पाटी वाचून, आत जाऊन हात पुढे करणार आहे.

आणि तू विचारले होतेस त्याचे आजचे उत्तर हे. नारिंगी आहे, यूसुफ. हिरवा नाही.